गोळीवर वांगं चालत नाही

शहिस्ताभाभींना दोन गोष्टींचा राग यायचा. ताटात टाकलेल्या अन्नाचा, आणि भाजीत काय घालावं हे सांगणाऱ्या माणसाचा. अन्न टाकणाऱ्याकडे त्या नुसत्या बघायच्या. माणूस मुकाट्यानं पुन्हा घास घ्यायचा. भाजीबद्दल मात्र त्यांना कुणी काही सांगतच नसे, कारण तशी वेळच येत नसे.

उर्से टोलनाक्याजवळ, गावात शिरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची खानावळ आहे. मी तिथल्याच एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात काम करतो, घर तळेगावात. घरून डबा नेता येतो, आईही करून द्यायला तयार असते. तरी मी दुपारी भाभींकडेच जेवतो.

भाभींचं माहेर कान्ह्याचं. वडील इनायतभाई लग्नकार्यात स्वयंपाकाला जायचे. मांडवामागे चुली पेटायच्या आणि परकरातली शहिस्ता वडिलांच्या मागे पळी घेऊन उभी असायची. वासावरून मीठ कमी-जास्त ओळखायला ती तिथंच शिकली. लग्न होऊन उर्श्याला आली ती नवाजभाऊंच्या घरात. नवाजभाऊंचं ट्रकच्या पंक्चरचं दुकान. टायर उतरवून, पंक्चर काढून, परत चढवेपर्यंत ड्रायव्हरला बसून राहावं लागायचं. कुणीतरी एकदा विचारलं, "काय खायला मिळंल का?" भाभींनी घरातली भाकरी आणि अख्खा मसूर आणून दिला. तो ड्रायव्हर पुढच्या खेपेला पंक्चर नसताना थांबला. खानावळ अशी सुरू झाली. पुढे भाकऱ्या थापायला गावातल्या रतनबाई आल्या, कारखान्यातली माणसं येऊ लागली, आणि दुकानाच्या शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली.

नवाजभाऊ स्वभावानं अगदी गरीब. कुणी काही सांगितलं की त्यांना ते पटायचंच. भाभी म्हणायच्या, "सगळ्या दुनियेचं ऐकतो ह्यो मानूस. माझं सोडून."

मागच्या हिवाळ्यात एका ट्रेलरचा टायर भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तो कलंडला. नवाजभाऊंनी त्याला पडू द्यायचं, ते राहिलं बाजूला, वाकून धरायला गेले. कमरेत लचक भरली. दोन दिवस खाटेवर काढले आणि मग मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरकडे गेले नाहीत. गोळी घेतली की तासाभरात कंबर मोकळी व्हायची, मग डॉक्टर कशाला? थोड्या दिवसांनी ती गोळी पुरेना. तेव्हा बाजीरावनं आपल्या केबिनमधून एक वेगळं पाकीट काढून दिलं. बाजीराव म्हणजे ट्रेलर चालवणारा, भाभींच्या खानावळीचं जुनं गिऱ्हाईक, नवाजभाऊंचा दोस्त.

"ही घ्या लाल," तो म्हणाला. "मी पार हुबळीपत्तोर हिच्यावर जातो."

नवाजभाऊ सकाळी पांढरी घेऊ लागले आणि दुपारी लाल. कधी दोन्ही एकदम.

इथपर्यंत भाभींना विशेष काही वाटलं नाही. माणसाचं दुखतंय, गोळी घेतोय, काम करतोय. वाटलं ते वांग्याच्या दिवशी.

भाभींची भरली वांगी मी अनेकांना डोळे मिटून खाताना पाहिली आहेत. त्या दुपारी नवाजभाऊ हात धुऊन ताटावर बसले आणि म्हणाले, "वांगं नको."

"का? काय झालं वांग्याला?"

"गोळीवर चालत न्हाई."

"कोन म्हनलं?"

"सोपान."

सोपानची चहाची टपरी रस्त्यापलीकडे. भाभींनी तिकडे एकदा पाहिलं. "सोपान चा इकतो. त्याला चा तरी येतो का?"

"वांगं वातूळ आसतंय. गोळी वात काढती, वांगं वात भरतं. म्हंजी गोळी फुकट."

भाभींनी वांगं उचललं, माझ्या ताटात टाकलं आणि त्यांना नुसती आमटी वाढली. मला फायदाच झाला. मी गप्प खाल्लं.

पुढच्या आठवड्यात दही गेलं. दही थंड, गोळी गरम, म्हणे पोटात दोघांचं जुंपतं. मग बाजीरावच्या मोबाईलवर कुठल्यातरी फळाचा व्हिडिओ आला. पपनसासारखं परदेशातलं फळ, ते खाल्लं की औषध अंगात साचून राहतं आणि विषासारखं बाधतं. ते फळ उर्श्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. पण आंबट असतं असं व्हिडिओत होतं, त्यामुळे लिंबू बंद, टोमॅटो बंद, चिंच, कोकम, सगळं बंद. बाजीरावच्या भावाला तापात डॉक्टरनं कुठल्याशा गोळीबरोबर दूध घेऊ नको म्हटलं होतं, म्हणून नवाजभाऊंचं दूध गेलं. अंडं उष्ण. केळं कफाचं. लसणानं रक्त पातळ होतं, हे तर जेवायला आलेल्या एका अनोळखी माणसानं हात धुता धुता सांगितलं आणि पुन्हा कधी तो दिसलाही नाही. पण लसूण गेला.

"आवं, लसून काढला तर मी फोडनी कशाची देऊ?" भाभी ओरडल्या. "तुमच्या सोपानच्या चाची?"

"चिडू नगंस. जिवाचं हाय म्हनून करतोय."

"जिवाचं हाय म्हनून मी बी करती सैपाक!"

पण त्या करायच्या. हेच त्यांचं दुर्दैव. पाच मिनिटं भांडायच्या आणि मग नवाजभाऊंसाठी वेगळं छोटं पातेलं चढवायच्या. त्यात लसूण नाही, टोमॅटो नाही, आमसूल नाही. डाळ, हळद आणि मीठ. ते पिवळं पाणी वाटीत ओतताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. इनायतभाईंच्या मुलीनं असलं काही कुणाला वाढावं लागणं, ही त्यांच्या दृष्टीनं बेअब्रूच होती.

आजार घरापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण जेवायला येणाऱ्यांत कुणाची मान धरलेली, कुणाचा गुडघा, कुणाचं डोकं. निम्म्याअर्ध्या लोकांच्या खिशात गोळी असायचीच. नवाजभाऊंच्या ताटात काय नाही आणि का नाही, हे बाकावर बसलेले सगळे ऐकत होते. हळूहळू सुरू झालं.

"भाभी, मी सकाळी गोळी घेतलीय. टोमॅटो नको."

"भाभी, आज डोकं लय दुखत होतं. ताक नको. अंड्याचं बी नको."

"ह्यात चिंच हाय का वो?"

रतनबाई भाकरी थापता थापता हसायच्या. भाभी हसत नव्हत्या. कोण गोळी घेऊन आलाय आणि कोण नाही हे लक्षात ठेवून वाढायचं म्हणजे खानावळ आहे का दवाखाना? एक जण तर मटणाच्या दिवशी रस्सा बाजूला सारून म्हणाला, "एवढा गोळीचा अंमल उतरू द्या, मग रात्री येऊन खातो."

त्यानंतर एक दुपार अशी आली की मी शेडमध्ये शिरलो तर कसलाच वास नाही. फोडणीचा नाही, भाजलेल्या मसाल्याचा नाही. भाभींनी एकच पातेलं लावलं होतं. त्यात पाण्यात शिजवलेला इंद्रायणीचा भात. त्यांनी प्रत्येकाच्या ताटात भाताचा एकेक डोंगर आदळला.

"घ्या. ह्याच्यात काय बी न्हाई. वांगं न्हाई, टोमॅटो न्हाई, मीठ बी न्हाई. खावा सुखानं आन घ्या गोळ्या."

माणसं मान खाली घालून खात होती. नवाजभाऊ दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "भात नको मला. सूज येती म्हनं."

भाभींनी पळी पातेल्यात टाकली आणि शेडच्या मागे निघून गेल्या. त्या दिवशी वाढप रतनबाईंनी केलं.

खरं तर तेव्हाच सगळ्यांनी नवाजभाऊंकडे नीट बघायला हवं होतं. रतनबाईंनीच एकदा विषय काढला. "भाभी, भाऊंचे तळहात बघितलेत का? पीठ लागल्यावानी पांढरं पडल्यात." भाभींनी विचारलं, तर भाऊ म्हणाले, थकवा आहे. सकाळी उठून बिनदुधाचा चहा आणि पांढरी गोळी, दुपारी चार घास पिवळ्या पाण्यासोबत, कधी तेही नाही, आणि लाल गोळी. पोटात आग पडायची, तेव्हा ते आणखी एखादा पदार्थ सोडून द्यायचे. शौचाला काळं होत होतं, डांबरासारखं. ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही, सोपानला सांगितलं. सोपान म्हणाला, "चांगलं हाय की. उष्णता भाईर पडतीया."

एक दिवस भर दुपारी, दुकानासमोर जॅकचा दांडा हातात असताना ते खाली बसले. मग आडवे झाले. बाजीराव तिथंच होता. त्यानं हाक मारली, मी जेवण टाकून धावलो. मित्राची गाडी आणली. भाभी हाताला पीठ तसंच घेऊन मागच्या सीटवर बसल्या, नवाजभाऊंचं डोकं मांडीवर. तळेगावच्या वाटेवर नवाजभाऊंना उलटी झाली, कॉफीच्या गाळासारखी काळपट. बाजीराव पुढच्या सीटवर, मागे वळून बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर सई होत्या. तरुण, चटपटीत, आणि त्या दिवशी बहुधा सकाळपासून उभ्या. त्यांनी रक्त तपासलं, बाटली लावली, रक्ताची पिशवी मागवली. तोंडातून दुर्बीण घालून पोट बघितलं गेलं. तिथली जखम वाहत होती, ती दुर्बिणीतूनच बंद केली. सगळं झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि त्यांनी गोळ्यांची पाकिटं मागितली. भाभींनी नवाजभाऊंच्या खिशातून काढलेली दोन्ही पाकिटं पुढे केली.

"ह्या दोन्ही घेत होते? एकाच दिवशी?"

"व्हय."

"मावशी, ह्या दोन्ही एकाच जातीच्या गोळ्या आहेत. रंग वेगळे, काम तेच. दुखणं थांबवतात आणि पोटाच्या आतलं अस्तर खरवडतात. किती महिने घेत होते?"

"हिवाळ्यापासनं."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. "सकाळी गोळीच्या आधी काय खायचे?"

"चा."

"चहाबरोबर?"

"काय बी न्हाई. बिनदुधाचा."

"दूध का नाही?"

भाभींनी बाजीरावकडे पाहिलं. बाजीराव छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

"दूध चालत न्हाई म्हनले," भाभी म्हणाल्या. "दही चालत न्हाई, वांगं चालत न्हाई, टोमॅटो चालत न्हाई, अंडं न्हाई, केळं न्हाई, लसून न्हाई. भात बी न्हाई. मोबाईलमधी कसल्याशा फळाचं बी दाखवलंतं. गोळीवर बाधतं म्हनं."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

डॉक्टर सई भिंतीला टेकल्या. आता त्या चिडतील असं मला वाटलं, आणि त्या चिडल्याच, पण आवाज न चढवता. "दर आठवड्याला एक तरी असा पेशंट येतो," त्या म्हणाल्या. "ऐका. वांगं, टोमॅटो, दही, अंडं, यांचं ह्या गोळ्यांशी काही वाकडं नाही. आंबट-तिखटानं जळजळत असेल तर कमी खावं, ते पोटासाठी. आणि जळजळतंय म्हणजे आधी गोळी थांबवून आमच्याकडे यायचं. दुधाबरोबर घ्यायची नसतात ती काही वेगळी औषधं, तापात देतात त्यातली. ते फळाचंही खोटं नाही, पण ते ब्लडप्रेशरच्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसाठी. ह्या गोळ्या दारूबरोबर घ्यायच्या नाहीत, आणि उपाशीपोटी तर मुळीच नाहीत. तुम्ही नेमकं उलटं केलंत. सगळं खाणं बंद केलंत आणि गोळ्या चालू ठेवल्यात."

"म्हंजी जेवला आसता तर झालं नसतं?"

"तसंही सांगता येणार नाही. दोन-दोन गोळ्या इतके महिने घेतल्या तर पोटभर जेवणाऱ्यालाही होऊ शकतं. पण रिकाम्या पोटानं भर घातली. आणि न खाल्ल्यानं अंगात ताकदच राहिली नाही."

भाभी बाकावर बसल्या. हातावरचं पीठ वाळून तडकलं होतं, ते त्या नखानं काढत राहिल्या.

"मी रोज एवढ्या मान्सांना जेवू घालती," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "ट्रकवाले, कंपनीवाले. कोन कुटला, कोन कुटला. आन माझा मानूस माझ्या म्होरं उपाशी बसत व्हता. मी भांडली. पन वाढत व्हती तेच पानी. पळी फेकून मारायला पायजे व्हती त्या सोपानला."

"भाभी, चुकलं आमचं," बाजीराव पुटपुटला.

"तू तर बोलूच नगंस!" असं म्हणून त्या जे सुरू झाल्या ते वॉर्डातली नर्स बाहेर येईपर्यंत थांबल्या नाहीत. बाजीरावनं सगळं ऐकून घेतलं. मग तोच खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला आणि पहिला भाभींच्या हातात दिला. त्यांनी तो खाल्ला. खाता खाता आणखी थोडं बोलल्या.

नवाजभाऊ घरी आले तेव्हा बरेच उतरले होते. पोटाचं औषध लागलं. त्या जातीच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. कमरेसाठी दवाखान्यातल्या एका बाईनं व्यायाम शिकवला आणि फारच दुखलं तर घ्यायला डॉक्टरांनी साधी तापाची असते ती गोळी दिली, तीही मोजून. भाभींनी दुकानासाठी एक फर्मान काढलं, की मोठ्या गाडीचा टायर ज्याचा त्यानं उतरवायचा, नवाजभाऊ फक्त पंक्चर काढणार. बाजीराव थांबलेला असला की कुणाचाही टायर तोच उतरवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. भाभी त्याच्याशी अजूनही नीट बोलत नाहीत, पण त्याच्या ताटात भाकरी गरम पडते.

दुपारी गर्दी ओसरली की नवाजभाऊ शेडमध्ये चटई टाकून पाठीचे व्यायाम करतात. भाभी भांडी आवरता आवरता ओरडतात, "गुडघा वाकवायचा व्हता! त्या बाईनं असं दाखवलंतं का?" ते गुडघा वाकवतात.

सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. सोपान अजून म्हणतो, डॉक्टरांचं आपल्या जागी, पण वांगं ते वातूळच. डॉक्टरांनी दूध चालतं म्हटल्याची बातमी फिरली, तर आता चार जण गोळीवर दूधच पाहिजे म्हणून मागायला लागले. भाभींनी कपाळाला हात लावला. आणि नवाजभाऊ! ते आता या विषयातले जाणकार झालेत. कुणी कमरेला हात लावलेला दिसला की त्याला बाकावर बसवतात आणि दुर्बिणीपासून सुरुवात करतात. दर वेळी दुर्बीण थोडी लांब होते. भाभी आतून ऐकत असतात आणि चूक निघाली की तिथूनच दुरुस्त करतात.

परवा एक नवा ड्रायव्हर आला. सोलापूरकडचा, मान आखडलेली, गळ्याला पंचा गुंडाळलेला. ताट समोर आलं तसं त्यानं दह्याची वाटी बाजूला सरकवली.

"दही नको."

भाभी थांबल्या. पदर खोचला. "मानंसाठी गोळी घेतलीय का?"

"घेतलीय."

"एकच का दोन जातीच्या?"

"एकच."

"कायतरी खाऊन घेतली का?"

"पोहे खाल्ले व्हते."

"मग बरं. आता नीट ऐक," भाभी म्हणाल्या आणि त्याला सगळं सांगितलं. दही का चालतं, ती दुधाची भानगड कुठून आली, ते फळ कुठलं, काळं झालं तर काय समजायचं, ह्या गोळ्या रोज रोज का घ्यायच्या नाहीत, दारू का नाही. भाकरी गार होत होती. ड्रायव्हर आखडलेल्या मानेनं जमेल तेवढी मान हलवत होता. शेवटी भाभींनी दह्याची वाटी उचलून पुन्हा त्याच्या ताटात ठेवली.

त्यानं ती पुन्हा बाजूला सरकवली.

"आता काय झालं?" भाभींचा आवाज चढला.

"न्हाई, तसं न्हाई भाभी," तो घाबरून म्हणाला. "मला दही आवडत न्हाई. ल्हानपनापासनं."

रतनबाईंना हसू फुटलं. नवाजभाऊंनाही.

"मग तसं म्हनायचं की, मुडद्या!" भाभी म्हणाल्या, वाटी उचलून घेतली आणि त्याला भाजी जास्त वाढली.